पंख्याला स्विच असावा, पण तो पंखा बंद करणारा नसावा

कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहणाऱ्या एका शिक्षिकेचे पत्र आले आहे. त्यांच्याकडे २००१ सालची लहान पेट्रोल गाडी आहे आणि महिन्यातून एकदा तरी त्या आईला भेटायला आंबा घाटाने साखरप्याला जातात. परतताना घाट चढू लागला, आणि त्यातही पुढे भरलेला ट्रक आला, की टेंपरेचरचा काटा तांबड्या पट्ट्याला टेकतो. उन्हाळ्याच्या दुपारी कावळा नाक्याच्या सिग्नललाही हेच होते. मलकापूर रस्त्याला गाडी सत्तर-ऐंशीने जात असताना मात्र काटा निम्म्यावरून हलत नाही. एका मेकॅनिकने रेडिएटरच्या, म्हणजे इंजिनचे पाणी निववणाऱ्या जाळीच्या, पंख्याविषयी ‘पंखा डायरेक्ट करून टाकू, कटकटच नको’ असे सुचवले, म्हणजे किल्ली फिरवली की पंखा सतत चालू. दुसऱ्याने डॅशबोर्डवर तीन टप्प्यांचा स्विच बसवण्याचा सल्ला दिला, म्हणजे पंखा हवा तेव्हा चालू करता येईल, एरवी ऑटोवर ठेवता येईल आणि पुराच्या पाण्यातून जाताना बंदही करता येईल. रेडिएटरच्या खालच्या टाकीवर दोन वायरींचा एक पितळी स्विच दिसतो, हेही त्यांनी स्वतः वाकून पाहून कळवले आहे. दोघांपैकी कोणाचे ऐकावे आणि स्विच बसवायचाच तर कसा, असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

आपण दोघांचेही जसेच्या तसे ऐकू नये. डॅशबोर्डवर स्विच बसवण्यास माझी हरकत नाही. उलट इतक्या जुन्या गाडीने दरमहा घाट चढायचा असेल तर तो असावा, असेच माझे मत आहे. परंतु त्या स्विचने पंखा फक्त लावता आला पाहिजे, बंद करता येता कामा नये. गाडीचा मूळ ऑटो स्विच आपले काम करीतच राहील आणि आपण बसवलेला स्विच त्याच्या जोडीला असेल, अशीच जोडणी हवी. त्याही आधी मूळ पंखा वेळेवर का लागत नाही हे शोधून तो दोष काढला पाहिजे. तसे न करता स्विच बसवला, तर दुखणे तसेच राहील आणि ते लक्षात येण्याची वाट मात्र बंद होईल.

हायवेला काटा हलत नाही, हे आपण आवर्जून लिहिले ते फार बरे केले, कारण त्या एका वाक्याने अर्धी तपासणी झाली. गाडी ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या पुढे गेली की समोरून येणारा वाराच रेडिएटरला पुरतो आणि पंख्याचे काम जवळजवळ उरत नाही. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये, ट्रकच्या मागे पंधरा-वीसच्या वेगाने चढताना इंजिन भरपूर उष्णता तयार करते, पण वारा मिळत नाही. तेथे सगळी भिस्त पंख्यावर असते. सिग्नललाही तेच. म्हणून आपल्या गाडीत दोष पंख्याकडे किंवा पंख्याला हुकूम देणाऱ्या साखळीकडे असण्याची शक्यता जास्त आहे. याच्या उलट, एखाद्या वाचकाची गाडी मोकळ्या रस्त्यावर ऐंशीला गरम होत असेल, तर त्यांनी पंख्याच्या स्विचचा विचारही करू नये. रेडिएटर आतून चोंदला आहे का, थर्मोस्टॅट अडकला आहे का, पाण्याचा पंप नीट फिरतो का, हे पाहावे.

आता ती साखळी कशी चालते ते थोडे सविस्तर सांगतो, कारण ती कळली की वायरमनशी बोलताना आपल्याला अडचण येणार नाही. इंजिनच्या तोंडाशी बसवलेला थर्मोस्टॅट पाणी साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला पोचले की उघडतो आणि गरम पाणी रेडिएटरमध्ये जाऊ देतो. रेडिएटरमधून जाऊनही पाणी पुरेसे निवले नाही, तर टाकीवरचा तो पितळी स्विच, ज्याला थर्मोस्विच म्हणतात, साधारण ९२ ते ९५ अंशांना आतून जोडला जातो, पंखा सुरू होतो, आणि पाणी पाच-सात अंशांनी उतरले की स्विच तुटून पंखा थांबतो. डॅशबोर्डवरचा काटा बहुतेक गाड्यांत इंजिनवरच्या दुसऱ्याच सेन्सरवर चालतो. म्हणूनच थर्मोस्विच निकामी झाला तरी काटा खरे तेच दाखवीत राहतो, आणि आपल्याला दिसते ते हेच असावे.

तपासणीची सुरुवात थंड गाडीवर, सकाळी करावी. रेडिएटरचे झाकण उघडून पाणी गळ्यापर्यंत आहे का ते पाहावे. पाणी कमी असेल किंवा आत हवा अडकली असेल, तर थर्मोस्विचच्या टोकाला गरम पाणी पोचतच नाही आणि चांगला स्विचही गप्प बसतो. झाकणाचे रबर कडक झाले आहे का, त्याची स्प्रिंग दाबली जाते का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे आणि येथे उघड्या पातेल्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा जो आकडा असतो तो दाबाचा असतो, आणि तेवढा दाब धरून ठेवला तर रेडिएटरमधले पाणी ११५ अंशांच्याही पुढे गेल्याशिवाय उकळत नाही. झाकण दाब धरत नसेल, तर पंखा उत्तम चालूनही घाटात पाणी उकळेल, आणि दोष मात्र पंख्यावर येईल. झाकण ही फार स्वस्त वस्तू आहे. जुने झाले असेल तर तपासत न बसता बदलावे.

त्यानंतर थर्मोस्विचचा सॉकेट काढावा आणि किल्ली चालू करून सॉकेटमधल्या दोन टोकांमध्ये १२ व्होल्टचा पाच वॅटचा साधा पार्किंग बल्ब जोडून पाहावा. ही युक्ती मी अनेक वर्षे वापरतो आहे. पंख्यासाठी रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच, असेल, तर बॉनेटखालच्या डबीतून ‘टिक्’ असा आवाज येतो, पंखा फिरू लागतो आणि बल्ब मात्र पेटत नाही, कारण रिलेच्या कॉइलमधून जाणारा करंट पाव अ‍ॅम्पिअरपेक्षाही कमी असतो. याउलट पंख्याचा सगळा करंट थर्मोस्विचमधूनच जात असेल, तर बल्ब लख्ख पेटतो आणि पंखा जागचा हलत नाही. दोन्हीपैकी काहीच झाले नाही, तर फ्यूज, रिले, पंख्याची मोटर किंवा अर्थ (गाडीच्या बॉडीमार्फत बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारी जोडणी) यांपैकी कोठेतरी खंड आहे. अशा वेळी पंख्याचा सॉकेट काढून मोटरला बॅटरीवरून फ्यूज लावलेल्या वायरने सरळ करंट द्यावा. मोटर फिरली तर ती निर्दोष आहे. हे करताना ओढणीचा किंवा साडीचा पदर आणि मोकळे केस पंख्यापासून दूर असावेत, आणि बोटे तर मुळीच पंख्याच्या घेऱ्यात घालू नयेत. काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही गरम इंजिनवर पंखा अचानक सुरू होतो.

बल्बच्या तपासणीत साखळी ठीक निघाली, तर संशय थर्मोस्विचवरच जातो. तो काढून त्याचे पितळी टोक तेवढे पातेल्यातल्या पाण्यात बुडवावे, दोन टोकांना मल्टिमीटर लावावा, पाण्यात थर्मामीटर धरावा आणि पाणी तापवावे. स्विचच्या अंगावर अंश कोरलेले असतात. त्यावर ९५ असेल तर आपल्याकडे पाणी उकळायच्या जेमतेम तीन अंश आधी तो जोडला गेला पाहिजे. पाणी खदखदू लागले तरी मीटर बोलला नाही, तर तो स्विच बाद समजावा. पातेले मात्र पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. रेडिएटरच्या पाण्यात मिसळलेल्या कुलंटमधले इथिलीन ग्लायकॉल विषारी असते आणि चवीला गोड असल्याने मुले व कुत्री-मांजरे त्याला तोंड लावतात, म्हणून काढलेले कुलंट अंगणात किंवा गटारीत ओतू नये, झाकण लावून बाजूला ठेवावे.

आपल्या पत्रावरून मला असे वाटते की थर्मोस्विच बदलताच निम्मे दुखणे जाईल. उरलेले निम्मे बहुधा रेडिएटरच्या जाळीत असेल. हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांमागे गाडी चालवली की पाचटाचे तुकडे, धूळ आणि किडे जाळीत जाऊन बसतात, आणि ते समोरून दिसत नाहीत, कारण पुढे एसीचा कंडेन्सर असतो. पंख्याच्या बाजूने साध्या नळाच्या धारेने, जोर न लावता, उलट दिशेने धुवावे. सर्व्हिसिंग सेंटरच्या प्रेशर गनने धुतल्यास जाळीच्या पातळ पट्ट्या आडव्या होतात आणि वारा कायमचा अडतो.

आता डायरेक्ट करण्याविषयी. किल्ली फिरवली की पंखा सुरू, ही जोडणी पुष्कळ गाड्यांत दिसते आणि तिने गाडी लगेच बिघडत नाही, हे मान्य केले पाहिजे. थर्मोस्टॅट शाबूत असेल तर इंजिन फारसे थंडही पडत नाही. पण त्या मोटरचे कार्बन ब्रश जेवढे फिरतील तेवढे झिजतात. जी मोटर शहरात एरवी दिवसातून थोडा वेळ चालली असती ती आता सतत चालते, आणि मग ती ज्या दिवशी थांबेल तो दिवस घाटातलाच असण्याची भीती आहे. शिवाय सकाळी स्टार्टर मारताना पंख्याचा दहा-बारा अ‍ॅम्पिअरचा बोजा बॅटरीवर आधीच पडलेला असतो. काही जण तर पंखा डायरेक्ट करतात आणि ‘आता काय गरज’ म्हणून थर्मोस्टॅटही काढून टाकतात. मग थंडीत पन्हाळ्याहून उतरताना इंजिन कोमटच राहते, पेट्रोल जास्त लागते आणि ऑइलमध्ये ओलावा साठतो. थर्मोस्टॅट कोणालाही काढू देऊ नये, एवढे माझे आपल्याला कळकळीचे सांगणे आहे.

तीन टप्प्यांच्या स्विचविषयी मी अधिक तीव्रतेने लिहितो, त्याला कारण आहे. १९९७ च्या मे महिन्यात माझ्याच गाडीत एका ओळखीच्या वायरमनने असा स्विच बसवून दिला होता: वर चालू, खाली ऑटो आणि मध्ये बंद. मला तो फार आवडला होता. धाकटा भाऊ फोंडा घाटाने कणकवलीला गेला आणि येताना आरशाला लटकवलेला रुमाल घेताना त्याच्या मनगटाचा धक्का स्विचला लागला. स्विच खालून मध्ये आला. त्याला कळण्याचे काही कारणच नव्हते, कारण दिवा नव्हता आणि मधल्या जागेला काही लिहिलेलेही नव्हते. दाजीपूरच्या अलीकडे गाडीने वाफ सोडली. पुढे उद्यमनगरात इंजिनचे हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, उतरवून टेबलावर पालथे घातले, त्यावर पोलादी सरळपट्टी ठेवली आणि मधल्या फटीत फीलर गेजची पाने सारली. पाच शतांश मिलिमीटरचे पान जेथे अडायला हवे होते, तेथे वीस शतांशाचे पान सहज आत गेले. अ‍ॅल्युमिनियमचे हेड असे वाकते ते पाच-दहा मिनिटांच्या उष्णतेने. फेसिंग मारून (हेड घासून सपाट करून), गॅसकेट बदलून गाडी पुन्हा उभी राहिली, पण जो स्विच माणसाच्या चुकीने पंखा बंद करू शकतो, तो मी त्यानंतर एकाही गाडीत बसवलेला नाही.

पुराच्या पाण्यासाठी पंखा बंद करता यावा, या म्हणण्यात तांत्रिक तथ्य आहे, हे नाकारता येत नाही. फिरता पंखा पाण्यात बुडाला की पाती वाकून रेडिएटरवर घासू शकतात, मोटर अडून फ्यूज जाऊ शकतो. परंतु पंख्यापर्यंत पाणी येण्याइतक्या खोल रस्त्यावर आपली गाडी जाताच कामा नये. लहान पेट्रोल गाडीचे हवा ओढण्याचे तोंड त्यापेक्षा फार उंच नसते. एक ओंजळ पाणी जरी सिलिंडरमध्ये शिरले तरी ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. २००५, २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचे पाणी कोठपर्यंत आले होते हे आपण कोल्हापूरकरांनी पाहिले आहे. त्या पाण्यात गाडी घालण्याची सोय करून ठेवण्यापेक्षा गाडी उंचावर नेऊन उभी करावी.

मग जोडणी कशी असावी? बल्बच्या तपासणीत रिले असल्याचे दिसले, तर काम अगदी सोपे आहे. बहुतेक अशा गाड्यांत रिलेच्या कॉइलच्या एका टोकाला किल्लीवरून पॉझिटिव्ह येतो आणि दुसरे टोक थर्मोस्विचमार्फत अर्थ होते. या दुसऱ्या टोकाच्या वायरला एक फाटा काढावा, तो ०.७५ चौरस मिलिमीटरच्या वायरने केबिनमध्ये आणावा, आपल्या स्विचच्या एका टोकाला जोडावा आणि स्विचचे दुसरे टोक बॉडीला अर्थ करावे. आपण स्विच दाबला की कॉइलला अर्थ मिळतो आणि पंखा लागतो. स्विच सोडला की थर्मोस्विचचे राज्य पूर्वीसारखे चालू राहते. दोघांपैकी कोणीही पंखा लावू शकतो, पण एकाला दुसऱ्याचा पंखा बंद करता येत नाही. केबिनमध्ये येणारा करंट इतका थोडा आहे की ती वायर कोठे घासून अर्थ झाली, तरी आग लागत नाही. फार तर पंखा सुरू होऊन राहतो, आणि बिघडायचेच असेल तर त्याच बाजूने बिघडलेले बरे.

येथे एक गोष्ट टेस्ट लॅम्पने पाहून घ्यावी. किल्ली काढल्यावरही कॉइलच्या पॉझिटिव्ह टोकाला करंट राहत असेल, तर ही सोपी जोडणी करू नये. स्विच चालू ठेवून आपण शाळेत गेलात, तर दहा अ‍ॅम्पिअरचा पंखा ३५ अ‍ॅम्पिअर-तासांची बॅटरी तीन-साडेतीन तासांत पार उतरवेल, आणि मधल्या सुट्टीनंतर गाडीला धक्का मारायची वेळ येईल.

अशा गाडीला, आणि ज्या गाडीत पंख्याचा सगळा करंट थर्मोस्विचमधूनच जातो तिलाही, नवा चार पिनांचा रिले बसवावा लागतो. पंख्याची एक वायर कायमची अर्थ असेल, तर रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनेला बॅटरीवरून करंट द्यावा, ८७ क्रमांकाची पिन पंख्याच्या पॉझिटिव्हला जोडावी, ८५ अर्थ करावी आणि ८६ ला आपल्या स्विचमधून किल्लीवरचा पॉझिटिव्ह द्यावा. स्विचकडे जाणाऱ्या या पॉझिटिव्ह वायरला दोन-तीन अ‍ॅम्पिअरचा स्वतंत्र लहान फ्यूज असावा. काही रिलेंमध्ये आत डायोड असतो, म्हणून ८५ आणि ८६ यांची अदलाबदल करू नये. पंख्याची निगेटिव्ह वायर थर्मोस्विचमधून अर्थला जात असेल, तर ३० पंख्याच्या निगेटिव्ह वायरला आणि ८७ बॉडीच्या अर्थला जोडावी. बाकी सर्व तसेच.

बॅटरीवरून येणाऱ्या जाड वायरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच हवा, कारण फ्यूजच्या अलीकडची वायर बॉडीला घासली तर तिला वाचवणारे कोणीच नसते. गाडीत मूळ पंख्याला जितक्या अ‍ॅम्पिअरचा फ्यूज आहे तितक्याच अ‍ॅम्पिअरचा घ्यावा. सुरू होताना मोटर क्षणभर दुप्पट-तिप्पट करंट ओढते, तेवढी सवड त्यात धरलेली असते. ही जाड वायर किमान २.५ चौरस मिलिमीटरची असावी, पंखा मोठा असल्यास चारची. घरगुती वायरिंगच्या उरलेल्या तुकड्याने काम भागवू देऊ नये; गाडीची वायर तेल आणि उष्णता सोसणाऱ्या आवरणाची असते.

वायरमन कधी कधी रिलेचा खर्च वाचवण्यासाठी पंख्याचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधूनच नेतात. असा एक स्विच मी मागच्या उन्हाळ्यात एका गाडीतून काढला. पुढून तो नवा दिसत होता. मागून पाहिले तर एका पिनेभोवतीचे प्लास्टिक तपकिरी होऊन ओघळले होते, लग (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) हिरवट काळा पडला होता आणि वायरचे आवरण बोटभर कडक होऊन सोलले जात होते. तो स्विच शेजारच्या टेपरेकॉर्डरच्या वायरींच्या जुडग्याला टेकून होता. मालकांना एवढेच जाणवले होते की एसी लावला की करपट वास येतो. गाडीच्या बाजारात मिळणारा साधा स्विच फॉग लॅम्पच्या रिलेची कॉइल चालवण्यापुरता असतो, पंख्याची मोटर चालवण्यासाठी नव्हे.

जोडांचे काम आपण उभे राहून करून घ्यावे, असे मी सुचवेन. मूळ वायर सोलून नुसते पिळलेले आणि वर चिकटपट्टी गुंडाळलेले जोड इंजिनच्या उष्णतेत वर्षभरात सुटतात. लग क्रिंप केलेला (दाबून आवळलेला) हवा, त्यावर उष्णतेने आवळणारी नळी हवी, वायरी काळ्या लवचीक पाइपातून नेलेल्या हव्यात आणि एक्झॉस्टच्या बाजूने गेलेल्या नकोत. केबिनमध्ये वायर आणताना पत्र्याला नवे भोक पाडले तर त्यात रबरी ग्रोमेट हवाच, नाहीतर पत्र्याची धार कंपनांनी आवरण कापते. अर्थ जोडताना तेथला रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर लग आवळावा आणि वर थोडे ग्रीस लावावे. आपल्याकडच्या पावसात कच्चा अर्थ दोन पावसाळे टिकत नाही.

स्विच साधा, चालू आणि बंद एवढ्या दोनच टप्प्यांचा घ्यावा, आणि स्टिअरिंगच्या उजव्या हाताला, हात सहज पोचेल पण गुडघा लागणार नाही अशा जागी बसवावा. त्यावर मराठीत ‘पंखा – जादा’ असे लिहून घ्यावे. ‘बंद’ हा शब्द त्यावर नसावा, कारण खाली केल्याने पंखा बंद होत नाही, तो ऑटोवर जातो. त्याच्या शेजारी एक लहान पिवळा दिवा बसवावा आणि तो स्विचला न जोडता, एक अ‍ॅम्पिअरच्या फ्यूजमधून, पंख्याच्या मोटरला मिळणाऱ्या करंटवर जोडावा. मग पंखा आपण लावा किंवा थर्मोस्विच लावो, दिवा लागतो, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काटा चढत असूनही दिवा लागला नाही, तर ऑटो पंखा लागत नाही हे आपल्याला वेळेत कळते. मला विचाराल तर स्विचपेक्षाही हा दिवा अधिक मोलाचा आहे. ज्या गाडीत पंख्याची निगेटिव्ह वायर थर्मोस्विचमधून अर्थला जाते, तेथे दिव्याचे एक टोक किल्लीवरच्या पॉझिटिव्हला आणि दुसरे पंख्याच्या निगेटिव्ह वायरला जोडावे लागते.

इतर वाचकांसाठी दोन वाक्ये. नव्या गाड्यांत थर्मोस्विच नसतो; ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, सेन्सरवरून तापमान पाहून स्वतः रिले ओढतो, आणि काही गाड्यांत तर पंख्याचा वेग कमी-अधिक करणारे वेगळे कंट्रोल युनिट असते. अशा गाडीत ईसीयूच्या वायरला फाटा काढू नये, कारण ईसीयू तो दोष म्हणून नोंदवून चेक इंजिनचा दिवा लावू शकतो, वॉरंटी नाकारली जाऊ शकते, आणि उद्या काही जळालेच तर विमा कंपनीला हरकत घ्यायला जागा मिळते. तेथे स्कॅनर लावून मूळ दोष शोधणे हाच मार्ग आहे.

पुन्हा आपल्या गाडीकडे येतो. घाटात स्विच कधी लावावा, हा प्रश्न आपण विचारला नाही, पण तो पडेलच. काटा वर गेल्यावर नव्हे, तर साखरपा सोडून चढ सुरू होताच लावावा, आणि आंबा गाव ओलांडून रस्ता मोकळा झाला की खाली करावा. एवढे करूनही काटा तांबड्याकडे गेला, तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा पूर्ण वेगावर लावावा. हीटर म्हणजे केबिनमधला छोटा रेडिएटरच असतो. त्रास होईल, पण खिडक्या उघडून दहा मिनिटे सोसावा. गाडी कडेला घेतली आणि पाणी सांडलेले नसेल आणि वाफही येत नसेल, तर इंजिन लगेच बंद न करता न्यूट्रलमध्ये चालू ठेवावे, कारण इंजिन थांबले की पाण्याचा पंपही थांबतो आणि मग नुसता पंखा फिरून हेडमधली उष्णता रेडिएटरपर्यंत येत नाही. वाफ येत असेल किंवा काटा तांबड्याच्या टोकाला असेल, तर मात्र इंजिन तत्काळ बंद करावे, पाऊण तास झाकणाला हात लावू नये, आणि मदतीला धावून आलेल्या कोणालाही गरम इंजिनवर थंड पाणी ओतू देऊ नये. दाबाखालचे पाणी झाकण सैल होताच तोंडावर उसळते. अशा भाजण्याने कायमचे व्रण घेऊन वावरणारे दोन मेकॅनिक माझ्या परिचयाचे आहेत.

रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी भरू नये. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातील क्षार पांढऱ्या थराच्या रूपाने नळ्यांत बसतात आणि तो थर कोणताही पंखा काढू शकत नाही. डिस्टिल्ड वॉटर आणि कुलंट निम्मे-निम्मे भरावे, किंवा आधीच मिसळून मिळते ते तसेच वापरावे.

काम झाल्यावर पहिली परीक्षा आंबा घाटात घेऊ नये. एखाद्या रविवारी सकाळी जोतिबाच्या डोंगरावर जावे. चढ पुरेसा आहे, वाटेत थांबायला जागा आहे आणि गाडी अडली तर कोल्हापुरातून मदत तासाभरात पोचते. जाताना आपल्या स्विचला हात लावू नये. वर पोचल्यावर पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून पिवळ्या दिव्याकडे पाहत बसावे. दिवा आपोआप लागला, दोन-चार मिनिटांनी विझला आणि पुन्हा लागला, तर थर्मोस्विच कामाला लागला आहे. तो लागलाच नाही आणि काटा निम्म्याच्या वर सरकू लागला, तर आपला स्विच दाबून गाडी शांतपणे खाली आणावी आणि दुसऱ्या दिवशी वायरमनकडे जाताना हे पत्र सोबत न्यावे.